अर्धं सूत

मयूरनं फोन पुढं केला तेव्हा मी चकात जॉब धरत होतो.
उद्यमबाग, दुसरी पाळी, कुलंटचा वास अंगाला.
"मामा, हे बघा. हे खांब माणसांनी केलेले नव्हेत."
फोनमधला माणूस ओरडत होता:
हजार वर्षांपूर्वी लेथ कुठली?
एवढी गोलाई, एवढी झिलई?
वरून कुणीतरी उतरले, खांब कातले आणि निघून गेले.

मी म्हटलं, पाळी संपू दे.

एकतीस वर्षं लेथवर आहे.
हायड्रॉलिकचे पिस्टन, उसाच्या चरकाचे रूळ,
एकदा हुक्केरीकडच्या एका पालखीचे पितळी गोंडेसुद्धा.
वरून उतरलेला एकच माणूस पाहिलाय,
पुण्याहून आलेला इन्स्पेक्टर,
आणि तोही व्हर्नियर विसरून आला होता.

रविवारी खानापूरच्या पुढं गेलो, मयूरच्या गाडीवर.
देवळाचं नाव सांगणार नाही.
फोनवाले पोचले तर खांबावर बदाम कोरतील.
बाहेर निळी पाटी, तिच्यावरनं गावात दोनदा डोकी फुटलेली.
देऊळ आमचं की तुमचं,
हे भांडण माझ्या वयापेक्षा थोरलं.
आता तिसरा दावेदार आलाय
आणि त्याला रेशनकार्डसुद्धा लागत नाही.

आत गार. वटवाघळं, जुनं तेल.
खांब काळा, ओढ्यातून नुकत्याच निघालेल्या म्हशीसारखा.
मी चष्मा काढून खिशात ठेवला.
याला डोळे लागत नाहीत,
अंगठ्याचं नख लागतं.

नख खांबाच्या गळ्यावर टेकवलं,
कड्याकड्यानं खाली आणलं.
पहिलं कडं, लोणी.
दुसरं, लोणी.
तिसऱ्याशी अडलं.
थरथर.
बारीक लाटा, दगडात तशाच राहिलेल्या.
टूल सैल बसलं की हे होतं.
भरमा वस्तादांच्या हाताखाली पहिल्या वर्षी
माझ्याकडूनही झालं होतं,
कान दोन दिवस वाजत होता.

म्हणजे इथंही कुणाचंतरी टूल सैल होतं.
दोर ओढणाऱ्यांपैकी एकानं मागं वळून पाहिलं असेल,
हाक आली असेल कुणाची.
खालचं कडं वरच्यापेक्षा अर्धं सूत बारीक.
जास्त खाल्लं गेलं, झालं.
आणि ते लपवायला शेजारी एक रेघ ओढलेली
जिचं नक्षीत काहीच काम नाही.
बाकीच्या अकरा खांबांवर ती नाही,
मी हिंडून पाहून आलो.

हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो म्हणतात,
वारा लागत गेला की घट्ट होतो.
घाई असणार त्याला.

"पण मामा, पुरावा?"
नख लाव, म्हटलं.
लावलं त्यानं. काही बोलला नाही.
मग फोटो काढला.
फोटोत रेघ येईना.
तीनदा काढला, फ्लॅश मारून,
नुसती झिलईच येत राहिली.

तो बाहेर सिग्नल शोधायला गेला तेव्हा
मी खांबाला टेकून बसलो.
घटप्रभेकडच्या कारखान्याचा एक शाफ्ट होता, नव्याण्णव साली.
मुलगी तापानं फणफणली होती, माझं लक्ष नव्हतं,
अर्धं सूत जास्त खाल्लं.
वर स्लीव्ह ठोकली, पॉलिश मारलं, गाडीत चढवून दिला.
अजून फिरतोय तो.
हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.
वस्ताद असते तर एका नखात ओळखलं असतं.

बसलिंगप्पा, राखणदार, किल्ल्या वाजवत आला.
त्याला वाटलं, आम्ही गुप्तधन शोधतोय.
"एन सिक्तरी?"
काय सापडलं म्हणून सांगू?
"तप्पु," म्हटलं. चूक.
तो खांबाकडं बघत राहिला, मग हसला:
"हंगार नम्माव बिड्री."
आपल्यातलाच आहे मग, सोडा.
आपल्यात म्हणजे कोण कोण, ते मी विचारलं नाही.
साडेपाच झाले होते, त्याला कुलूप लावायचं होतं.